पिसे उपटणारा पोपट आणि श्रावकाचे पहिले अणुव्रत

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पर्युषण पर्वात योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



जीवदया हा जैन समाजाचा प्राण होय. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर शेठ अमीचंद शाह पुढे आले होते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आज कित्येक दशके अखंड चालू आहे. गावोगावी पांजरपोळी आहेत, चबुतरे आहेत, दाणा-पाण्याची कायमची तिथी लिहून देणारे दाते आहेत. अशा समाजापुढे जीवदयेचे महत्त्व सांगणे म्हणजे गंगेला पाणी अर्पण करण्यासारखे आहे. म्हणून आजचा विषय त्याहून लहान, परंतु अधिक अवघड आहे. एखादा जीव पिंजऱ्यातून सोडवून पांजरपोळीत आणला की जीवदया पूर्ण होते काय? की तेथून तिचा खरा आरंभ होतो? या प्रश्नाचे उत्तर एका पोपटाच्या निमित्ताने शोधावयाचे आहे.

दारातला मिठू

एका गावातील सुखवस्तू जैन कुटुंबाची ही हकीकत आहे. कुटुंबाचा नामनिर्देश येथे अभिप्रेत नाही, कारण अशी घरे शेकड्यांनी आहेत. घराच्या ओसरीवर पितळी कड्या-कोयंड्यांचा गोल पिंजरा टांगलेला असे आणि त्यात एक कंठवाला पोपट. घरातील वृद्ध आजींनी त्याला पिल्लू असताना विकत घेतला होता. व्याधाच्या हातून एक जीव वाचविला, अशीच त्यांची प्रामाणिक भावना होती. त्या त्याला हाताने भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवीत, हिरवी मिरची देत, आणि सकाळी आपल्या चहात बुडवलेले बिस्किटही देत. दारात कोणी आले की पोपट आजींच्याच आवाजात "जय जिनेंद्र, या" म्हणे. मुनिराजांचा विहार त्या रस्त्याने झाला की सारे घर त्याचे कौतुक सांगे. अकरा वर्षे अशी गेली.

आजींचा देह पडला. घरातील सुतकी गडबडीत पिंजरा मागच्या गॅलरीत गेला आणि तेथेच राहिला. दाणा-पाणी वेळेवर मिळत होते, पण कोणी बोलत नव्हते. दोन महिन्यांनी सुनेच्या लक्षात आले की पिंजऱ्याखाली रोज हिरवी पिसे पडतात. आधी वाटले, पिसांची पालट असेल. मग एके दिवशी पोपट स्वतःच्या छातीवरील पीस चोचीत धरून ओढताना दिसला. छाती, मांड्या आणि पंखांची आतील बाजू उघडी पडली होती, आणि गुलाबी कातडीवर ओरखडे होते. कोणी हळद-तेल लावले. त्याने पिसे चिकटली, थंडी वाजू लागली आणि उपटणे वाढले.

याच सुमारास आजींच्या चिरंजीवांना कायद्याची माहिती झाली. भारतीय पोपट पाळणे, विकणे किंवा विकत घेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा पुष्कळ वाढली आहे. त्यांनी स्वतः होऊन वनविभागाला कळविले. विभागाच्या परवानगीने पोपट पांजरपोळीच्या पक्षी-कक्षात उपचारासाठी दाखल झाला. तेथे एक निवृत्त शिक्षिका सेवा देत असत. सारे त्यांना बाई म्हणत. पोपटाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

लोच नव्हे, आर्तध्यान

पहिल्याच आठवड्यात पांजरपोळीचे एक ज्येष्ठ विश्वस्त कक्षात आले. उघड्या छातीचा पोपट पाहून ते सद्भावाने म्हणाले, "बाई, हा तर लोच करतोय की काय!" उपस्थितांपैकी काहींना ते पटलेही. तिर्यंच गतीतील जीवाला कोठल्या तरी पूर्वभवाचे स्मरण झाले असावे, असे कोणी बोलले. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ज्याचे त्याचे कर्म, त्याला आपण काय करणार?

बाईंनी काकांना दिलेले उत्तर मनन करण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, "काका, लोच करणाऱ्या महाराजसाहेबांच्या चेहऱ्यावर समता असते. ह्याच्या डोळ्यांकडे जरा बघा."

केशलोच हा स्वेच्छेचा, ज्ञानपूर्वक आणि देहममत्व सोडण्यासाठी केलेला तप होय. तो ठरलेल्या काळाने होतो, आणि झाल्यावर साधू शांतपणे स्वाध्यायाला बसतात. पोपटाचे पिसे उपटणे विवशतेचे असते. ते त्याच्या हातात राहात नाही. रक्त आले तरी तो थांबत नाही. शास्त्रीय परिभाषेत त्याला एकच शब्द योग्य आहे, तो म्हणजे आर्तध्यान. पोपट हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच आहे. त्याला मन आहे, आणि म्हणून त्याला मनाचे दुःखही आहे. शास्त्रे तर अशा तिर्यंचालाही सम्यक्त्व आणि देशविरती शक्य असल्याचे सांगतात. एवढी योग्यता असलेल्या जीवाला आर्तध्यानात लोटण्याचे निमित्त होणे, ही लहान गोष्ट नाही.

आणि कर्माचे म्हणाल तर, उदय त्याचा असेल, परंतु निमित्त कोणाचे आहे? दुसऱ्या जीवाला दुःख देणे, शोक उत्पन्न करणे, हेच असातावेदनीयाच्या बंधाचे कारण म्हणून सांगितले आहे. तेव्हा "त्याचे कर्म" असे म्हणून बाजूला होणारा श्रावक प्रत्यक्षात स्वतःच्या कर्माविषयी बोलत असतो.

दुःखाचे तीन दरवाजे

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार भेद सांगितले आहेत: अनिष्टसंयोग, इष्टवियोग, वेदना आणि निदान. यातील निदान म्हणजे पुढील भोगांची अभिलाषा. ती बाजूला ठेवली, तर उरलेले तीन भेद या रोगाला नेमके लागू पडतात. पक्षिवैद्य पिसे उपटणाऱ्या पोपटाची तपासणी ज्या क्रमाने करतात, तो क्रमही जवळजवळ हाच आहे.

पहिला दरवाजा वेदनेचा. पिसे उपटणारा पोपट म्हणजे "कंटाळलेला पोपट" असे मानून चालणे ही पहिली चूक. यकृताचा विकार, त्वचेचा संसर्ग, आतड्यातील परजीवी, शिसे वा जस्त पोटात जाणे, चोच आणि पिसे यांना ग्रासणारा विषाणूजन्य रोग, अशी अनेक शारीरिक कारणे असू शकतात. म्हणून विष्ठा, रक्त आणि आवश्यक तेव्हा क्ष-किरण तपासणी आधी, उपदेश नंतर. एक साधी खूण मात्र कोणालाही पाहता येते. पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. डोके व मानेचा वरचा भाग पूर्ण भरलेला आणि खालचे अंग उघडे असेल, तर तो स्वतःच उपटतो आहे. डोक्यावरचीही पिसे जात असतील, तर रोग किंवा जोडीदाराची चोच यांचा शोध घ्यावा लागतो. या पोपटाचे डोके हिरवेगार होते, गळ्यातील काळा-गुलाबी कंठ अखंड होता. विषाणूची तपासणी निर्दोष आली. दोन दोष मात्र सापडले: त्वचा अतिशय कोरडी होती आणि यकृत वाढलेले होते. वजन १०४ ग्रॅम भरले. या जातीचा धडधाकट पोपट साधारण सव्वाशे ग्रॅमचा असतो.

दोन्ही दोष आजींच्या प्रेमातून आले होते. डाळ, मिरची, सूर्यफुलाचे बी आणि चहा-बिस्किटे या आहारात जीवनसत्त्व 'अ' फारच थोडे. त्याच्या अभावी त्वचा व श्लेष्मल पडदे बिघडतात. चहा, मीठ, चॉकलेट, कांदा आणि अ‍ॅव्होकॅडो हे तर पोपटाला अपायकारकच. वैद्यांनी आहार हळूहळू बदलण्यास सांगितले, कारण एकदम बदलल्यास पोपट उपाशी राहतो पण अनोळखी अन्नाला शिवत नाही. जैन पांजरपोळीत कंदमुळाचा प्रश्न येईल, अशी काहींना शंका होती. ती अनाठायी ठरली. गाजरावाचून काहीही अडत नाही. लाल भोपळा, पिकलेली पपई, शेवग्याचा पाला, पालक, ढोबळी मिरची यांतून जे हवे ते भरपूर मिळते. आधी डाळीत भोपळ्याचा कीस चिमूटभर, मग अधिक, असे करीत सहा आठवडे गेले. रोज सकाळी पोपटाला लहान तराजूवर बसवून वजन लिहिले जाई, कारण पिसांआड पोपटाची कृशता दिसत नाही आणि वजन घटणे ही आजाराची पहिली वार्ता असते.

कोरड्या कातडीसाठी दिवसाआड सकाळी कोमट, गाळलेल्या पाण्याचा बारीक फवारा. तेल नाही, हळद नाही, मलम नाही. कक्षात उदबत्ती व डासांची अगरबत्ती बंद झाली. पक्ष्यांची फुप्फुसे माणसाहून कितीतरी नाजूक असतात आणि धुरानेही पिसे उपटण्यास चालना मिळू शकते. कोवळे ऊन मात्र रोज, आणि तेही काचेतून नव्हे. काच उन्हातील आवश्यक किरण अडवते.

दुसरा दरवाजा अनिष्टसंयोगाचा. येथे बाईंची शिक्षकी सवय उपयोगी पडली. त्यांनी एक वही घातली. किती वाजता, कोठले पीस, त्या वेळी आजूबाजूला काय चालले होते, एवढेच त्यात लिहावयाचे. तीन आठवड्यांनी वहीने दोन वेळा दाखविल्या. एक, दुपारी एक ते तीन, सेवेकरी जेवून विसावा घेत तेव्हा. दुसरी, रात्री आठनंतर. दुसऱ्या वेळेचा उलगडा लवकर झाला. कक्षाला लागून पहारेकऱ्याची खोली होती. तेथे रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संच चाले, आणि कुंपणाच्या भिंतीवरून एक मांजर येरझारा घाली.

पोपटाला सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, म्हणजे दहा-बारा तास, अंधार आणि निःशब्दता हवी असते. रानातला पोपट मावळतीनंतर दाणा टिपत नाही. त्याचा चौविहार जन्मजात आहे. त्याला रात्री जागविणारी माणसेच त्याचा नियम मोडतात. पिंजरा आतल्या खोलीत हलविला गेला. त्याची एक बाजू भिंतीला टेकविली आणि एक बाजू सुती कापडाने झाकली, जेणेकरून चारही दिशांनी शत्रू येईल असे भय राहू नये. गोल पिंजरा काढून लांबट, पंख पसरता येतील असा पिंजरा आला. गुळगुळीत एकसारख्या दांडीऐवजी पेरूच्या आणि कडुनिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या, सालासकट फांद्या लागल्या.

तिसरा दरवाजा इष्टवियोगाचा, आणि तो सर्वांत खोल. पोपट हा थव्याने राहणारा जीव. पिल्लूपणी ढोलीतून काढून आणलेल्या त्या जीवाने आजींनाच थवा मानले होते. आजी गेल्या आणि त्याचा सारा थवा एका दिवसात नाहीसा झाला. दुपारच्या सुन्या वेळेत तो त्याच रित्या जागेकडे वळे, आणि चोचीला दुसरे काम नसल्याने ती स्वतःच्या छातीवर येई.

चोचीला काम

वन्य पोपटाच्या दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. फळ तोडायचे, पायात धरायचे, साल काढायची, बी फोडायचे, निम्मे टाकून द्यायचे, पुन्हा उडायचे. पिंजऱ्यातील वाटीतले अन्न अर्ध्या-पाऊण तासात संपते. उरलेला दिवस चोच रिकामी. पोपटाच्या चोचीला रिकामेपण सोसत नाही.

या बाबतीत २००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मीहान, मिलम आणि मेंच या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास मार्गदर्शक आहे. त्यांनी कोवळ्या वयाच्या अ‍ॅमेझॉन पोपटांचे ४८ आठवडे निरीक्षण केले. ज्यांना अन्न शोधून, सोलून, उलगडून खावे लागे आणि ज्यांच्या पिंजऱ्यात चढण्या-उतरण्याची विविध साधने होती, त्यांची पिसे चांगली राहिली. ज्यांना केवळ वाटी होती, त्यांनी पिसे उपटली. पुढे त्यांनाही तीच साधने दिल्यावर त्यांची स्थिती सुधारली. दयेपोटी तयार घास पुढे करणे हे पोपटाच्या दृष्टीने दयेचे कृत्य नाही, असा याचा अर्थ.

बाईंनी वाटीच काढून घेतली असे नव्हे, पण दुपारचा खाऊ वाटीत देणे थांबविले. भोपळ्याचे तुकडे पानांच्या द्रोणात बांधून टांगले. मक्याचे कणीस पानासकट दिले. मटाराच्या आणि तुरीच्या कोवळ्या शेंगा फांदीला अडकवून ठेवल्या. पहिले चार दिवस पोपट त्यांना घाबरला. पाचव्या दिवशी त्याने द्रोण फाडला. त्या दिवसाच्या वहीत एक ते तीन या रकान्यात केवळ एक पीस नोंदलेले आहे.

आणखी एक शिस्त पाळावी लागली. पोपट उपटू लागला की धावत जाऊन "नको रे बाळा" म्हणणे बंद झाले. रागावणेही बंद. दोन्हींनी त्याला एकच धडा मिळतो, की पीस ओढले म्हणजे माणूस येतो. त्याऐवजी तो फांदी कुरतडीत असे, कणीस सोलीत असे, तेव्हा बाई जवळ बसून बोलत. मौनाचा आणि बोलण्याचा असा विवेक साधणे सेवेकऱ्यांना सर्वांत जड गेले. त्यातील एका तरुणाने तर पाठ फिरवून डोळे पुसल्याचे बाईंनी वहीत लिहून ठेवले आहे.

पुन्हा आरंभापासून

तीन महिन्यांनी छातीवर काळपट काटे दिसू लागले. ती कोवळ्या पिसांची मेणचट आवरणे होती. अशा कोंबात रक्त खेळत असते आणि त्याला खाज येते. हा काळ सर्वांत नाजूक. समूळ उपटलेल्या पिसाच्या जागी नवे पीस काही आठवड्यांत येऊ लागते, परंतु कुरतडून अर्धे राहिलेले पीस पुढील पालटीपर्यंत, म्हणजे बहुधा वर्षभर, तसेच राहते. वारंवार उपटलेल्या जागेचे मूळच निकामी झाले, तर तेथे कधीच काही उगवत नाही.

चैत्रात महावीर जन्मकल्याणकाची शोभायात्रा पांजरपोळीवरून गेली. बँड, ढोल, फटाके. पोपटाला आतल्या खोलीत हलविण्याचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी कापड काढले तेव्हा तळाच्या कागदावर कोवळ्या पिसांचा खच होता आणि एका तुटलेल्या कोंबातून रक्त ठिबकत होते. धावपळ करून वैद्यांना बोलाविले, रक्त थांबले. तीन महिन्यांचे श्रम एका रात्रीत गेले होते.

अहिंसेचा उद्घोष करीत निघालेल्या यात्रेनेच हे घडावे, याचे शल्य साऱ्यांनाच होते. त्याच सायंकाळी कोणी सुचविले, गळ्यात कागदी पट्टा घालावा, म्हणजे चोच अंगापर्यंत पोहोचणार नाही. वैद्यांनी नकार दिला. जखम खोल असेल तेव्हा पट्टा काही दिवस उपयोगी पडतो, एरवी तो दुःखाला हात न लावता केवळ त्याचे चिन्ह झाकतो, आणि भेदरलेल्या पक्ष्याला आणखी भेदरवितो. लोच म्हणणारे ते काका या वेळी तेथे होते. त्यांनी एवढेच विचारले, "बाई, आता?" बाई म्हणाल्या, "आता वहीचे पहिले पान." पुढील वर्षापासून शोभायात्रेतील वाद्ये पांजरपोळीच्या अलीकडच्या चौकात थांबू लागली. तो ठराव काकांनीच मांडला होता.

तपासण्या निर्दोष असल्याने आणि नव्या पक्ष्यासाठी आवश्यक तो वेगळेपणाचा काळ पूर्ण झाल्याने त्याचा पिंजरा एका मादीच्या पिंजऱ्याशेजारी ठेवला गेला. पतंगाच्या मांज्याने तिचा पंख कायमचा अधू झाला होता. पोपटांमध्ये मादी वरचढ असते. पहिला महिना तिने त्याला जवळ येऊ दिले नाही, आणि सेवेकऱ्यांनीही घाई केली नाही. पावसाळ्यात दोघे एका मोठ्या जाळीदार दालनात गेली. एके पहाटे बाहेरून रानपोपटांचा थवा ओरडत गेला आणि या पोपटाने प्रथमच, "जय जिनेंद्र" नव्हे, तर पोपटाच्या भाषेत प्रत्युत्तर दिले.

चौदा महिन्यांनी मांड्या भरल्या, पंखांची आतील बाजू भरली, वजन १२३ ग्रॅमवर स्थिरावले. छातीच्या मध्यावर रुपयाएवढी जागा मात्र उघडीच राहिली. ती आता भरणार नाही, असे वैद्यांनी सांगितले आहे. मन अस्वस्थ झाले की अजूनही तो एखादे पीस ओढतो. वहीत तीही नोंद होते.

बंध हा पहिला अतिचार

पिसे आल्याची वार्ता ऐकून आजींचे चिरंजीव पांजरपोळीत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी हात जोडून विचारले, "बाई, आता बरा झालाय. आईची आठवण आहे. घरी नेऊ का? या वेळी सगळं नीट करू." कायदा त्यास अनुमती देत नाही, एवढे सांगून बाईंना विषय संपविता आला असता. त्या म्हणाल्या, "आईंनी त्याच्यावर जीव लावला, यात शंका नाही. पण तो आजारी पडला तो प्रेम कमी पडलं म्हणून नाही. त्याला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून."

या उत्तरात आजच्या विषयाचे सार आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांची गणना बंधापासून सुरू होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. मारणे नंतर, उपाशी ठेवणे सर्वांत शेवटी. अडकवून ठेवणे आधी. मुक्या जीवाला न मारणारा, न उपाशी ठेवणारा, उलट लाडाने भरविणारा श्रावकही पिंजऱ्याच्या कडीला हात लावताच पहिल्या अतिचाराच्या उंबरठ्यावर उभा असतो. पंख कातरले की तिसरा अतिचार घडतो. पोट भरेल पण शरीर पोसले जाणार नाही असे अन्न दिले, तर पाचव्याचीही छाया पडते. भगवान नेमिनाथांचे चरित्र सर्वांना मुखोद्गत आहे. विवाहाच्या मंडपाकडे जाताना त्यांच्या कानी वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश आला आणि त्यांनी रथ वळविला. पोपटाचा आक्रोश कानी येत नाही. तो पिंजऱ्याखालच्या कागदावर पिसांच्या रूपाने पडलेला असतो.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. हे ऐकून कोणी घरी जाऊन पिंजऱ्याचे दार उघडून देऊ नये. हाताने वाढलेला, अन्न शोधणे न शिकलेला, उघड्या छातीचा पोपट आकाशात सोडणे म्हणजे त्याला कावळ्या-मांजरांच्या स्वाधीन करणे होय. त्याला वनविभागाच्या मार्गाने योग्य उपचारकेंद्रात पोहोचविणे हाच विवेक. याच पोपटाला मुक्त केले गेले नाही, कारण तो आजही माणूस दिसताच खांद्यावर येऊ पाहतो. तसेच पर्वाच्या दिवशी बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा भावनेने कितीही निर्मळ असली, तरी तिचा परिणाम उलटा होतो. घेणारा आहे म्हणून पारधी ढोली फोडतो. दहा सुटतात, त्यांच्यासाठी आणखी कितीतरी पकडले जातात आणि त्यांतील अनेक पिल्ले बाजारापर्यंतही पोहोचत नाहीत. आजींनीही तेव्हा "जीव सोडविण्यासाठी" पैसे मोजले होते.

मग द्रव्याचा विनियोग कोठे व्हावा? पांजरपोळींना इमारतीसाठी दाते मिळतात, दाण्यासाठीही मिळतात. या पोपटाला बरे करण्यास इमारत फार लागली नाही. लागल्या त्या तपासण्या, मोठे दालन, पक्ष्यांचे ज्ञान असलेला वैद्य आणि चौदा महिने रोज वही लिहिणारे माणूस. अशा सेवेच्या तिथ्याही न्यासाने लिहून घ्याव्यात, अशी सुवर्णमहोत्सवी वर्षात नम्र सूचना आहे.

चिरंजीव त्या दिवशी रिकाम्या हाताने परतले. पुढील रविवारी मात्र ते परसातील पेरूची ताजी फांदी घेऊन आले. तेव्हापासून तो क्रम चालू आहे. ओसरीवरचा पितळी पिंजरा त्यांनी मोडीत काढला आणि त्या जागी गाळलेल्या पाण्याचे मातीचे कुंडे ठेवले.

चार दिवसांनी संवत्सरी आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागताना मनाचे डोळे ज्याच्या-त्याच्या घराच्या ओसरीकडे, मागच्या गॅलरीकडेही एकदा वळावेत. तेथे पिंजरा असेल, तर क्षमापना तेथून आरंभावी. मिच्छा मि दुक्कडं म्हटल्यावर कडी काढण्याची योग्य व्यवस्था करावी, आणि पुन्हा ती कोणाही जीवावर न लावण्याचे पच्चक्खाण घ्यावे.

जय जिनेंद्र.